कासार गल्लीचा रंग

"तेजू, तुझ्या मशीननं आपली गल्ली लाल केली बघ."

एवढं बोलून आई थांबली. पुण्यातल्या रोगनकाशा केंद्रात तेजश्री नुकतीच जेवणाचा डबा उघडून बसली होती. आईचा फोन दुपारी कधी येत नसे. दुपार ही तिच्या बांगड्यांच्या दुकानाची वेळ.

"मशीन नाही गं ते, आई. हिशेब आहे."

"हिशेबानं गल्ली लाल होते होय? सकाळी दूधवाला कोपऱ्यावरच थांबला. म्हणतो, पातेली घेऊन इकडं या. मी काय त्याच्या म्हशीला चावणार होते?"

तेजश्रीने डबा बाजूला सारला आणि पडद्यावर करंजवडे काढलं. तिच्या माहेरचं हे तालुक्याचं गाव नकाशावर लहान लहान चौकोनांचं बनलेलं होतं. एका चौकोनात साधारण एक गल्ली मावे. बहुतेक चौकोन हिरवे होते, काही पिवळे. कासार गल्लीचा चौकोन कालपर्यंत पिवळा होता. आज तो लाल होता.

"क्षयाचे तीन पेशंट निघालेत तिथे, काही महिन्यांत," ती म्हणाली. "तिसऱ्याची अडकलेली नोंद काल पोचली. एवढ्याशा गल्लीत तीन म्हणजे फार झाले."

"निघालेत म्हणजे? आम्हाला काय माहीत नाहीत? जगन्नाथाची रेश्मा, पलीकडची सुवर्णा आणि देवळामागची अनिता. तिघींनी गोळ्या खाल्ल्या, तिघी टुणटुणीत होऊन आपापल्या सासरी गेल्या. आता गल्लीत खोकतंय कोण? एकटे आप्पा. ते पण तंबाखूनं."

तेजश्रीला हसू आलं. नावं तिने ऐकली आणि सोडून दिली. तिच्या पडद्यावर नावं नसायची. फक्त चौकोन असायचे.

या नकाशाला 'शेजार' म्हणत. नाव तेजश्रीनेच सुचवलं होतं, आणि त्यामागे कारण होतं.

मोठ्या शहरातला रोगाचा दर काढणं सोपं असतं. लाखो माणसांत दहा-वीस रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी दर फारसा हलत नाही. चाळीस घरांच्या गल्लीत मात्र एक रुग्ण वाढला की दर आभाळाला भिडतो आणि एकही नसला की शून्यावर येतो. दोन्ही वेळा तो खरंच बोलतो असं नाही. बऱ्याचदा तो निव्वळ योगायोग असतो. मग लहान जागेबद्दल काही बोलायचंच नाही का? संख्याशास्त्राने यावर एक जुना उपाय शोधून ठेवला आहे. शेजाऱ्यांना विचारायचं. एका चौकोनातला धोका ठरवताना त्याची स्वतःची संख्या घ्यायची आणि त्याला लागून असलेल्या चौकोनांचीही घ्यायची. चौकोनाजवळ स्वतःची माहिती जितकी तुटपुंजी, तितका शेजाऱ्यांवर भरवसा जास्त. असं केलं की योगायोगाची खरखर खाली बसते आणि रोगाचा खरा उतार-चढाव दिसू लागतो.

नवी होती ती श्वासपेटी. पेटीच्या नळीत फुंकलं की काही मिनिटांत श्वासात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत ते कळायचं. औषधांच्या दुकानात, आरोग्य उपकेंद्रात, शाळांत पेट्या बसल्या. प्रत्येक फुंकर त्या माणसाच्या सध्याच्या मुक्कामाच्या घरासह 'शेजार'कडे पोचू लागली. रोज पहाटे नकाशा नव्याने रंगवला जाई. तो सगळ्यांना उघडा राहावा असा कायदा झाला, तेव्हा तेजश्री स्वतः समितीपुढे बोलली होती. आपल्या दारात काय आहे हे कळायचा लोकांना हक्क आहे, असं ती म्हणाली होती. ते तिला मनापासून पटलेलं होतं. पहिल्या वर्षी राज्यातला क्षय खरोखर उतरलाही.

फक्त, लोक आपल्या दारापेक्षा दुसऱ्याचं दार जास्त बघतात, हे कुठल्याच सूत्रात नव्हतं. घर भाड्याने देणारे रंग विचारू लागले. लग्न जुळवणाऱ्या संस्थांनी स्थळाच्या माहितीत शिक्षण आणि उंचीखाली आणखी एक ओळ घातली. जिथे मागाच्या किंवा शिलाईच्या शेड होत्या, तिथे चौकोन लाल झाला की तपासणी होईपर्यंत शेडला कुलूप लागू लागलं.

*

पुढच्या रविवारी ती करंजवड्याला गेली. कारण ओवी होती, तिच्या मोठ्या भावाची, विश्वासची मुलगी. ओवीने साताऱ्याचा सौरभ स्वतःच पसंत केलेला होता. दोघं एकाच सौरपंपाच्या कंपनीत कामाला होते. रविवारी सौरभचे आईवडील रीतसर घरी येणार होते. शनिवारी त्यांचा निरोप आला, जरा पुढं ढकलू या.

"आत्या, मी मुलगी आहे का सिग्नल?" ओवी म्हणाली. "हिरवी झाले की त्यांची गाडी सुटणार."

"तुला चेष्टा सुचतीय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आदल्या दिवशीच केलेल्या करंज्यांचा डबा तेजश्रीपुढे ठेवला. "वन्सं, तुम्ही एवढ्या मोठ्या हापिसात. एका गल्लीचा रंग बदलायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"वेळ नाही लागत वहिनी. पण मी तसं करू शकत नाही."

"का?"

"एकीचा बदलला तर मग कुठल्याच रंगाला अर्थ नाही."

वहिनींनी विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. मग जरा वेळाने, दुसरंच बोलावं तसं, म्हणाल्या, "त्या रेश्माला तरी सासूनं धाडायलाच नको होतं. रिक्षात बसवली आणि सांगितलं, बरी झाली की पाठवा. सुवर्णाचं तेच. काम करायला सून, आणि पडून राहायला लेक." तेजश्रीने मान हलवली. ती तेव्हा फोनवर शेजारच्या कुंभार गल्लीचे आकडे बघत होती.

संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली. आप्पा मधोमध बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आप्पा गणेश मंडळाचे कायमचे अध्यक्ष होते आणि अजूनही गर्दीला 'पुढं सरका' म्हणायचे. कुंभार गल्लीतला महादेव आधीच तावातावाने उभा होता.

"आमच्यात एक पेशंट नाही. एक! तरी आम्ही पिवळे. का तर तुमच्या भिंतीला भिंत लागून!"

"मग शेजारधर्म पाळला म्हणायचा," आप्पा म्हणाले. सगळे हसले. महादेव हसला नाही.

आप्पांनी तेजश्रीकडे बघितलं. "पोरी, मला अडाण्याला समजेल असं सांग. हा लाल कधी उतरणार?"

"सलग सहा महिने नवा पेशंट निघाला नाही की हिरवा होतो, आप्पा. नंतरही एक निघाला, की जुने तीन धरून पुन्हा लाल."

"निघाला नाही, का झाला नाही?"

तेजश्रीला नेमकं बोलायची सवय होती. "निघाला नाही," ती म्हणाली.

आप्पांनी चुन्याची डबी बंद केली. "समजलं."

काय समजलं ते तेजश्रीला नंतर कळलं. गल्लीतल्या सगळ्या दिलेल्या लेकींना निरोप गेले. अंगात कणकण असेल, खोकला असेल, तर या वर्षी सणाला येऊ नका. बऱ्या होऊन या. वहिनींनी हे फोनवर सांगितलं तेव्हा तेजश्रीने फक्त संसर्गाचा विचार केला. आजारी माणसाने प्रवास टाळावा हे तर तीही सांगत असे.

*

मयूरी तिची धाकटी बहीण. पेठनगरच्या दीपकला दिलेली. कासार गल्लीतल्या पुष्कळ मुली तिकडेच पडल्या होत्या. मागांचं गाव, हाताला काम भरपूर, आणि दोन्ही गावांत देणंघेणं आज्यांच्या काळापासूनचं. मयूरीच्या सासऱ्यांची टॉवेलांची शेड होती. घर वर आणि शेड खाली. धागा तुटू नये म्हणून शेडच्या खिडक्या बंद ठेवून आत वाफ सोडलेली असे. मयूरी आणि तिची जाऊ नंदिनी दिवसभर तिथे टॉवेलांना काठ घालत.

गल्लीला कोरे चार महिने झाले होते, तेव्हा मयूरीचा फोन आला.

"ताई, कामात आहेस?"

"बोल ना."

"एक विचारायचं होतं. तुझ्या विषयातलं." मग ती खोकली, आणि फोन बाजूला धरलेला असतानाही तेजश्रीला ते ऐकू आलं. "संध्याकाळचा ताप येतोय गं. रोज नाही, अधूनमधून."

"किती दिवस?"

"असेल महिना. आईला सांगू नकोस."

तेजश्रीचा हात आपसूक नकाशाकडे गेला. पेठनगर. हिरवा, त्याच्या चहूबाजूंचे चौकोनही हिरवे. वर्षभरात एकही नोंद नाही. तिला बरं वाटलं. "तुमच्याकडे रोगच नाही मयू," ती म्हणाली. "शक्यता फार कमी आहे. तरी उद्या दुकानात जाऊन पेटीत फुंकून ये."

"इथं?" मयूरी हसली. "इथं कोण फुंकतंय? एक निघाला की शेडला कुलूप. आमचीच नाही, अख्ख्या बोळाची. सासूबाई म्हणतात, माहेरी जा थोडे दिवस, तिथं काय ते बघ. म्हणून तुला विचारते. मी आले आणि तिथं फुंकलं, आणि निघालंच काही, तर गल्लीचं काय होईल?"

तेजश्रीला उत्तर माहीत होतं. तिने ते सांगितलं. "सहा महिने पुन्हा पहिल्यापासून."

"आणि ओवीचं?"

तेजश्रीने पेठनगरचा चौकोन मोठा करून बघितला.

"मग तुझ्याकडं येऊ का पुण्याला?" मयूरीने हे सहज विचारलं, लहानपणी खाऊतला अर्धा भाग मागायची तसं.

तेजश्रीच्या इमारतीत पाहुण्यांसाठी फाटकाशीच श्वासपेटी होती. ठराव सोसायटीचा होता, आणि त्या सभेत शेजारणीने अभिमानाने सांगितलं होतं की नकाशावाल्या मॅडम आपल्याच इमारतीत राहतात. खालच्या मजल्यावर पाळणाघर होतं. पुढच्या आठवड्यात समितीची बैठक होती. हे सगळं एकदम तिच्या मनात आलं, आणि ते बाजूला सारून ती 'ये' म्हणेपर्यंत जो वेळ गेला तो फार नव्हता. पण मयूरी तिची बहीण होती, तिला तो कळला.

"ये की," तेजश्री म्हणाली.

"नको गं. दीपकला सुट्टी नाही, आणि काठाचं काम पडलंय. खोकलाच आहे, जाईल." मयूरीचा आवाज हलका झाला होता. "आणि तूच म्हणालीस ना, इथं रोगच नाही."

*

दोन महिन्यांनी गल्ली हिरवी झाली. आप्पांनी मंडळाच्या ढोलावर टिपरी मारली, दूधवाला म्हशीसकट आत आला, आणि सौरभचे आईवडील पेढे घेऊन आले. साखरपुड्याची तारीख तिथल्या तिथे धरली.

साखरपुड्याला सगळ्यांनी बांगड्या भरायच्या, आणि त्या आईच्या हातून, हा घरचा नेम. आदल्या दुपारी पुढच्या खोलीत बायका रांगेने बसल्या. आई प्रत्येकीचा हात आपल्या मांडीवर घेई, बोटं एकत्र दाबून तळवा मऊ करी आणि बांगडी अलगद मनगटावर उतरवी. मयूरी पेठनगरहून दुपारच्या गाडीने आली होती. तिच्याबरोबर नंदिनीही आली होती. मयूरीच्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी टाके घातलेले दिसत होते.

"तपासून घेतलंस?" तेजश्रीने तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"घेतलं की. काही नाही निघालं. पित्त वाढलंय म्हणे." मयूरीने डोळ्याला डोळा भिडवला नाही, पण ती तेव्हा वाटीत केशर खलत होती, आणि बाहेरून ओवी हाका मारत होती.

मयूरीचा हात आईच्या मांडीवर आला तेव्हा तेजश्री समोरच बसली होती. आईने नेहमीच्या मापाची बांगडी उचलली. ती न दाबता, न फिरवता आत गेली आणि मनगट ओलांडून थेट कोपराशी जाऊन थांबली. खोलीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. आईने ती बांगडी काढली, दोन मापं सोडून तिसऱ्या पेटीतली काढली आणि भरली.

"बारीक झालीस," एवढंच आई म्हणाली.

"फॅशन आहे," मयूरी म्हणाली. सगळ्याजणी हसल्या. मोकळं झाल्यासारख्या. तेजश्रीही हसली. दुसऱ्या दिवशी साखरपुडा छान झाला. जेवणं आटोपल्यावर दीपक न्यायला आला, तेव्हा आईने मयूरीला ओट्यापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "लग्न झालं की राहायला ये. महिनाभर. कोण काय म्हणतंय ते बघू."

"येते," मयूरी म्हणाली.

लग्नाआधीच ती गेली. शेडमध्ये चक्कर येऊन पडली तेव्हा तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. फुप्फुसांतून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. वेळेवर गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होणारा आजार. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" दीपक, त्याची आई, विश्वास आणि तेजश्री, सगळे तिथे उभे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मयूरीने श्वास सोडला.

तिची नोंद पेठनगरच्या चौकोनात गेली. दुसऱ्या दिवशी तेजश्रीने नकाशा उघडला. चौकोन हिरवाच होता. एक रुग्ण, आणि चहूबाजूंना शून्य. शेजाऱ्यांनी ती एक संख्या योगायोग समजून खाली बसवली होती. सूत्राने अगदी जसं करायला हवं तसंच केलं होतं. तेजश्रीने ते सूत्र विद्यार्थ्यांना कितीदा तरी फळ्यावर मांडून दाखवलं होतं.

*

क्षयाचा जंतू फार हळू बदलतो. त्याच्या जनुकांच्या लांबलचक मजकुरात वर्षभरात एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंचा मजकूर जुळला, तर त्यांना रोग एकाच ठिकाणाहून लागला असं बहुधा म्हणता येतं. ही तपासणी सावकाश होते, म्हणून रोजच्या नकाशात तिला जागा नव्हती. नमुने मात्र जपून ठेवलेले असत. मयूरीचा जंतू कुणाशी जुळतो, हे तेजश्रीने प्रयोगशाळेला विचारलं.

उत्तर आलं: कासार गल्ली, तीन रुग्ण. जवळपास अक्षर न् अक्षर तेच.

आधी तिला वाटलं, मयूरीला रोग माहेरातून लागला. पण त्या तिघी माहेरी होत्या तेव्हा मयूरी करंजवड्याला आलीच नव्हती. तेजश्रीने आईला फोन लावला.

"आई, रेश्मा, सुवर्णा आणि अनिता. त्या कुठे दिल्यात?"

"कुठं म्हणजे? पेठनगरलाच की. तिघी एकाच बोळात. मयूच्या मागच्याच. तुला माहीत नाही?"

"माहीत होतं," तेजश्री म्हणाली.

तिला माहीत होतं. त्यातल्या दोघींच्या लग्नात तिने वाढलं होतं. सुना आजारी पडल्या की त्यांना माहेरी धाडतात हेही माहीत होतं. वहिनींनी तिच्यासमोर बसून सांगितलं होतं. पण पेटीत फुंकर घातली जाई ती माहेरी, आणि मुक्कामाचं घर म्हणून नोंद होई तेही माहेरच. रोग बंद शेडमध्ये होई आणि रंग लागे तो ज्या गल्लीने लेकीला अंथरूण घालून दिलं त्या गल्लीला. पेठनगर हिरवं होतं, कारण तिथे आजारी माणूस राहू देत नव्हते. तिने नकाशाला 'शेजार' हे नाव दिलं, आणि शेजारी म्हणजे ज्याची भिंत लागून आहे तो, असं धरलं. करंजवड्याच्या कासार गल्लीचा खरा शेजारी साठ किलोमीटरवर होता. तिथे तिच्या लेकी नांदत होत्या.

पुढचे तीन आठवडे ती फक्त तेवढंच करत होती. बाळंतपणाच्या सरकारी नोंदींत बाईचं सासर आणि माहेर दोन्ही असतं. त्यावरून तिने चौकोन नव्याने जोडले, भिंतीने नव्हे, सोयरिकीने. नव्या नकाशात शेकडो गल्ल्यांचा लाल रंग फिका पडला आणि मागांची, वीटभट्ट्यांची, शिलाईची गावं एकामागून एक गडद होत गेली. पेठनगर जवळजवळ काळं दिसत होतं. नंदिनी जिथे अजून काठ घालत बसली होती, तो चौकोन सगळ्यांत गडद होता.

समितीने नकाशा लक्षपूर्वक पाहिला. अध्यक्षांनी हळहळ व्यक्त केली. पद्धत बदलायची तर चाचण्या हव्यात, हरकती मागवाव्या लागतील. पुढच्या सहामाहीत विषय घेऊ, असं ठरलं. तोपर्यंत रंग जुन्याच पद्धतीने लागणार होते.

*

मयूरीचे कपडे आणायला आई पेठनगरला गेली तेव्हा तेजश्री तिच्याबरोबर होती. खाली माग चालू होते, त्यामुळे वरच्या खोलीत बोलायचं तर आवाज चढवावा लागे. नंदिनीने चहा आणला. कप खाली ठेवून ती वळली, पदर तोंडाशी धरला आणि भिंतीला टेकून खोकू लागली. खोकला बराच वेळ थांबला नाही.

तेजश्रीने फोन काढला. तिने दीपकच्या आईला नवा नकाशा दाखवला, शेडच्या खिडक्यांबद्दल सांगितलं, सगळ्यांनी फुंकायला हवं म्हणून सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुम्ही हुशार," ती म्हणाली. "पण कुलूप लागलं तर बोळातली चूल कशी पेटंल, ते यात कुठं दिसतं?" मग नंदिनीकडे न बघता म्हणाली, "हिला धाडली असती केव्हाच. पण हिला माहेरच नाही. आईबाप गेले, भाऊ विचारत नाही."

"मी नेते तिला पुण्याला," तेजश्री म्हणाली. या वेळी तिने अजिबात वेळ लावला नाही.

"तुझ्याकडं फाटकातच अडवतील," आई म्हणाली. ती उठली. मयूरीच्या कपड्यांची पिशवी तिने नंदिनीच्या हातात दिली. "हे तुला ढगळ होतील, पण चालतील. चपला घाल. आपल्याला चारची गाडी आहे."

नंदिनी सासूकडे बघत राहिली. सासूने मान खाली घातली.

*

चार दिवसांनी, दुपारी, तेजश्रीने डबा उघडला आणि फोन वाजला.

"तेजू, आज गल्ली लाल झाली बघ."

"बघितलं, आई."

"मीच केली." आईच्या आवाजात ना राग होता ना अभिमान. "काल नेऊन फुंकून आणलं तिला. गोळ्या चालू केल्या. मयूच्या खोलीत निजवलीय."

"गल्लीतले काय म्हणतात?"

"म्हणतात काय. दूधवाला कोपऱ्यावर. महादेव दोनदा येऊन ओरडून गेला, त्याचं पिवळं झालं म्हणून. आप्पा कालपासून बोलत नाहीत माझ्याशी. सकाळी अंडी मात्र ठेवून गेले ओट्यावर."

"आणि ओवीचं?"

"सौरभच्या आईनं फोन ठेवून दिला. तो एकटाच आलाय. आत कांदा चिरत बसलाय. बघू काय होतं ते. ओवी म्हणते, तुम्ही त्यात पडू नका."

पलीकडे बराच वेळ नुसता बांगड्यांचा आवाज येत राहिला. आई पेट्या आवरत असावी. तेजश्रीच्या समोर नकाशा उघडा होता. एवढ्या मोठ्या राज्यात बोटाच्या नखाएवढा तो चौकोन शोधायलाही वेळ लागत होता.

"तेजू."

"हं."

"मयू आली असती, तर असाच झाला असता ना लाल? का आणखी काही झालं असतं?"

तेजश्रीने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं.

"नाही, आई. असाच."

"एवढाच?"

"एवढाच."

"बरं," आई म्हणाली. आणि तिने फोन ठेवला नाही, तेजश्रीनेही ठेवला नाही.